ताकद जास्त झाल्याचा आजार

"तुमची प्रतिकारशक्ती तुमच्याच पेशी मारतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि शेजारी बसलेले माझे काका अभिमानानं ताठ झाले. "म्हंजे पोराला ताकद जास्त झालीया की!"

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. तहान अशी लागायची, की मी रंकाळा तळ्याकडं बघितलं तरी पाणी दोन बोटं खाली जायचं. वजन इतकं उतरलं, की पन्हाळ्यावर वाऱ्यानं मला दोनदा दरीत नेऊन परत आणलं. निदान झालं टाइप वन डायबेटिस. इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना शरीराचेच पहारेकरी चोर समजून मारतात. मग रोज इन्शुलिनची सुई.

आमच्या म्हशी संध्याकाळी चौकातल्या कट्ट्यावर उभ्या असतात. गिऱ्हाईकासमोर धार काढायची, फेसाळ पेला हातात द्यायचा. या धारोष्ण दुधानं मेलेला माणूस भूक लागली म्हणून उठतो, हे काकांचं शास्त्र.

काही आठवड्यांनी माझा इन्शुलिनचा डोस उतरत गेला, अगदी नावापुरता उरला. काकांनी कट्ट्यावर जाहीर केलं, दुधानं काम केलं, आता सुया पंचगंगेत सोडायच्या. मलाही तेच हवं होतं. डॉक्टरबाईंची परवानगी तेवढी घ्यावी, म्हणून दोघं गेलो.

बाई शांतपणे म्हणाल्या, "याला हनिमून फेज म्हणतात. उरलेल्या पेशींना जरा विसावा मिळालाय. आतली मारामारी थांबलेली नाही. सुई सोडली तर जिवावर बेतेल."

पहारेकऱ्यांनाच गप्प करणारं औषध नाही का, मी विचारलं. अशा इम्युनोथेरपीच्या परदेशात चाचण्या चालल्यात, त्या म्हणाल्या. नुकताच आजार कळलेल्यांवर, कारण त्यांच्याच पेशी थोड्या शिल्लक असतात. आजार जाईल असं कुणी म्हणत नाही. पेशी जास्त दिवस टिकाव्यात, एवढीच आशा.

"हिथं कधी यील?" काकांनी विचारलं.

"माहीत नाही."

काकांनी आवाज खाली आणला. जन्मात पहिल्यांदाच, त्यामुळं डोक्यावर पंखा फिरतोय हेही तेव्हाच कळलं.

"मग तवर?"

"तोवर यांनी टिकायचं. इन्शुलिन घेऊन."

पुढं हनिमून संपला, डोस वाढला. मी टिकलोय. तुमचा आजार नवा असेल, तर नव्या औषधांबद्दल डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. डोस उतरला तर पेढे वाटा, खाऊ मात्र नका. सुई चालू ठेवा.

काका आता धार काढायला बसले, की आधी मला विचारतात, "सुई घेतलीस न्हवं?" मी व्हय म्हणेपर्यंत म्हशीला हात लावत नाहीत. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, उभं राहतं.