कुबड्या तुळशीजवळ राहिल्या

नव्या गाडीची पूजा करताना माझ्याकडून एक चूक झाली. चूक कसली, हौस. लेकीच्या स्कूटरला मागं दोन जादा चाकं लावून आणली होती, बाजूला कुबड्या अडकवायला आकडाही होता. लेक गाडीवर बसली, कुबड्या आकड्याला अडकवल्या; स्वस्तिक काढायला त्या आड येत होत्या, म्हणून मी त्या काढून तुळशीला टेकवल्या. हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. लिंबं चिरडत लेक मोताळ्याच्या रस्त्याला लागली आणि मी खोबरं वाटत बसलो.

अर्धी गल्ली खोबरं खाऊन झाल्यावर माझं तुळशीकडं लक्ष गेलं.

अपघात झाल्यापासून तीन वर्षं मीच तिला मोटारसायकलवर नेत-आणत होतो. मोताळ्यात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात तिला काम मिळालं, पण मालकानं आधीच बजावलं होतं, "बापाच्या भरवशावर येत असशीन तं येऊच नको. ज्या दिवशी तो नाही, त्या दिवशी तू नाही." आज पहिला दिवस. निघताना ती मला म्हणाली होती, "बाबा, काही झालं तरी मांगं येऊ नका." मी हो म्हटलं होतं.

कुबड्यांशिवाय तिला गाडीवरून उतरता येत नाही. आणि कुबड्या घेऊन मी दुकानापुढं उभा राहिलो, तर मालकाचं म्हणणं पहिल्याच दिवशी खरं ठरणार. फोन लावला. गाडी चालवताना ती फोन उचलत नाही; ही शिस्तही मीच लावलेली.

कुबड्या दुपट्ट्यानं पाठीला बांधल्या आणि मोटारसायकलवर निघालो. नाटकातला सैनिक दिसत असेन. पुलाजवळ ती दिसली, तसा मी कापसाच्या ट्रॅक्टरमागं दबून राहिलो. तेवढ्यात मागून एसटी हॉर्न वाजवत आली. लेकीनं गाडी कडेला घेतली आणि एक जादा चाक डांबरावरून खाली उतरलं. स्कूटर कलली. इकडं मी माझाच ब्रेक दाबून उभा, जसं काही त्यानं तिची गाडी थांबणार होती.

ती मात्र घाईला आली नाही. एसटी जाऊ दिली, हँडल वळवलं, हळूच चाक वर घेतलं.

दुकानापुढं तिनं गाडी लावली. मालक दारात येऊन बघत होता. मी समोरच्या रसवंतीआड. तिनं आकड्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पर्समधून फोन काढला. माझा खिसा वाजला.

"बाबा, पुलापासून आरशात दिसून राह्यल्या कुबड्या तुमच्या पाठीवर."

"अवं, मी पटकन आणून..."

"तुम्ही रस्ता ओलांडू नका. रसवाल्या काकाजवळ द्या."

रसवाल्यानं नेऊन दिल्या. मालकानं विचारलं, "काऊन वं, ह्या कुठून आल्या?"

"घरी राह्यल्या होत्या. मागवून घेतल्या."

ती उतरली, पायरी चढली. मालक दारातून बाजूला झाला. "कॉम्प्युटर सुरू कर. लोकं थांबून राह्यले."

घरी येऊन मी सगळं रंगवून सांगितलं, ट्रॅक्टरसुद्धा. बायको दारातली चिरडलेली लिंबं झाडत होती. तिनं झाडू थांबवला नाही.

"उद्या तं पूजा नाही," ती म्हणाली. "उद्या तिचं काय ठेवून घेसान?"