नाशिक ते कळवण, हीटरच्या पंख्यासकट

हिवाळ्यात वणीकडे जायचं तर रस्ता कसा आहे, असं दोघा-तिघांनी विचारलं, म्हणून लिहायला बसले. रस्ता सोपा आहे. नाशिक, दिंडोरी, वणी, नांदुरी, अभोणा, कळवण. ऐंशी किलोमीटरच्या आसपास. मी तो पहिल्यांदा स्वतः गाडी चालवत केला १९८४च्या जानेवारीत, आणि अडीच तासांच्या वाटेला मला साडेसात तास लागले.

माझे वडील, नाना, कळवणच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. न्यूमोनिया होऊन नाशकात पंधरा दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, "वाटेत गार वारा लागू देऊ नका." एस.टी.चा प्रश्नच नव्हता. ह्यांना कारखान्यात पहिली पाळी, त्यामुळे गाडी मीच काढली. ह्यांनी ती एका परदेशी इंजिनिअरकडून जुनी घेतलेली. तिला हीटर होता, आणि सगळी गल्ली तो बघून गेली होती.

हीटरच्या पंख्याला एक, दोन, तीन असे वेग. चालायचा फक्त तीनवर. नाशकातल्या गॅरेजवाल्याने दोनदा फ्यूज बदलला, दोनदा "झालं काम" म्हणाला, आणि दोन्ही वेळा काहीही झालं नव्हतं.

सकाळी सातला निघालो. नाना मागे, माकडटोपी आणि दोन घोंगड्यांत. पंखा तीनवर टाकला की धूळ मिसळलेली गरम हवा भसाभसा अंगावर यायची आणि नानांना खोकल्याची उबळ यायची. बंद केला की समोरच्या काचेवर वाफ धरायची. लावा, बंद करा, काच पुसा. पंचवीस किलोमीटर मी एका हाताने गाडी आणि दुसऱ्या हाताने फडकं चालवलं.

दिंडोरीला चहा-भजी घेतली. भजी छान होती, तेवढं एक. शेजारी गॅरेज दिसलं, म्हणून गाडी दाखवली. मिस्त्रीने डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला.

"मोटर जळाली हाय. मुंबईहून मागवावी लागंल."

मागून नाना म्हणाले, "जळाली असती तर तीनवर कशी फिरते?"

"तसं नसतंय काका. गाडीचं लय वेगळं असतं."

त्याने वायरी ओढून बघितल्या, परत खोचल्या, आणि गाडी माझ्या हवाली केली. दोन मैलांवर पंखा लावला तर आता तीनवरही गप्प. मी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले. नाना म्हणाले, "रडू नकोस. उलट सोपं झालं. त्याने हात लावला तिथेच काहीतरी सुटलंय." मी रडत नव्हते. त्या मिस्त्रीकडे परत जाऊन त्याला काय काय बोलावं, ते ठरवत होते.

काच पुसत पुसत वणी गाठलं. पुढे घाट. नानांचे ओठ निळसर दिसायला लागले होते. बसस्टँडजवळ उन्हात गाडी लावली. नानांना उसळ-पाव खायला दिला, तर त्यांनी घास घेता घेता मला कामाला लावलं.

"मागच्या दिव्याचा बल्ब काढ. त्याला दोन वायरी जोड. एक पत्र्याला लाव, दुसरीने एकेक ठिकाण तपास."

मी साडी खोचून डॅशबोर्डखाली आडवी झाले. आधी मिस्त्रीने सैल ठेवलेली, पत्र्याला जोडणारी वायर सापडली. ती आवळली, तीन सुरू. मग बल्ब लावला. बटणातून एकची वायर येते तिथे बल्ब पेटला, दोनची येते तिथेही पेटला.

"म्हणजे बटण चांगलं," नाना म्हणाले. "मोटरही चांगली. राहिलं काय मधे?"

मधे हवेच्या नळीत बसवलेली एक पट्टी होती, तारेच्या दोन स्प्रिंगांची. वीज त्यांतून गेली की कमी होते आणि पंखा हळू फिरतो. तीनची वीज त्यांना वळसा घालून थेट जाते. मी दोन स्क्रू काढून पट्टी बाहेर घेतली. मोटरकडची स्प्रिंग मधोमध तुटली होती. एवढीशी तार, आणि तिच्यासाठी फ्यूज, गॅरेजं, मुंबई.

बाजारात विजेच्या शेगडीची कॉइल मिळाली. दुकानदाराने विचारलं, "शेगडी केवढी हाय?" मी म्हणाले, "शेगडी नाहीये." त्याने कॉइल पुढे सरकवली.

पहिला तुकडा लांब झाला, पंखा हललाच नाही. दुसरा आखूड घेतला, तर तार लालबुंद. मी वैतागून म्हणाले, "नाना, पुरे. मी पुसते काच."

"एकपदरी आहे म्हणून तापते. तीन तुकडे शेजारी शेजारी लाव. कथिलाचा डाग लागणार नाही त्याला, बोल्टखाली आवळ. आणि पट्टी हवेच्या नळीत बसव, वाऱ्याने गार राहील, मग बघ."

बोटं भाजली, एक बांगडी फुटली. पट्टी आत बसवून मी बटण दोनवर नेलं, मग एकवर. पंखा हलकेच फिरू लागला. काच खालून वर हळूहळू स्वच्छ झाली. नानांनी घोंगडीतून हात काढून हवेपुढे धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

नांदुरीच्या घाटात देवीच्या गडाचा कडा समोर आला, तो मला काच न पुसता दिसला. (जाणार असाल तर सकाळी दहानंतर जा, तोवर धुकं विरतं.) अभोण्याच्या पुढे, मला वाटलं नाना झोपलेत, तेव्हा ते म्हणाले, "तुला कॉमर्सला मी घातलं. मुलीला वर्कशॉपात कोण पाठवणार, म्हटलं. चुकलं माझं."

मला बरं वाटायला हवं होतं. पण रागच आला. सोळा वर्षांनी, गाडी चालवत असताना, हात काळे असताना हे सांगायचं. अडीचला घर आलं, आईने त्यांना उन्हात खाटेवर बसवलं. महिन्याभरात ते परत शेतावर चालत जायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी नाशकात परतले. रस्ताभर त्यांच्याशी मनात भांडत होते. ह्यांनी पंखा लावून बघितला आणि विचारलं, "कुणी केलं?" मी सांगितलं. त्यांना पटायला थोडा वेळ लागला.

सोमवारी बँकेतून सुटल्यावर मी संध्याकाळच्या तांत्रिक वर्गाची चौकशी करायला गेले. कारकुनाने अर्ज पुढे ओढला आणि मान वर न करता विचारलं, "मुलाचं नाव?"

मी माझं नाव सांगितलं, आणि त्याला ते दोनदा लिहायला लावलं, कारण पहिल्यांदा त्याने चुकीचं लिहिलं होतं.