हुकूमकाकांची तपासणी

आमचे हुकूमकाका हुकूम आल्याशिवाय स्वेटरसुद्धा घालत नसत. संस्थानी कचेरीत गरम कपड्यांचा हुकूम निघाला की हिवाळा सुरू, अशी त्यांची समजूत. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य आलं, थंडीची पद्धत तीच राहिली. "विचार करायला वरती माणसं बसलीत," असं म्हणायचे. मी तेव्हा कॉलेजसाठी इंदुरात त्यांच्याकडे राहत होते.

अशा माणसाला सरकारने काम दिलं ते अस्पृश्यतानिवारणाचं. हॉटेलांत सर्वांना एकाच टेबलावर, सारख्याच कपात चहा मिळतो की नाही, हे तपासायचं. काका पक्के सोवळ्यातले, बाहेरचा चहा जन्मात घेतलेला नाही. पण हुकूम! सोबत त्यांचा चपराशी नंदाजी. तो बलाई समाजाचा, म्हणजे पूर्वी ज्यांना हॉटेलबाहेर ओट्यावर बसवत त्यांच्यातला. दोघांनी शेजारी बसून चहा मागवायचा आणि कप ताडून पाहायचे. पहिल्या दिवशी काकांनी एरंडेल घ्यावं तसा डोळे मिटून चहा घेतला आणि घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

आठवड्याभरात आंघोळ एकावर आली, मग बंदच झाली. महिन्याभराने तपासणीत पोहे शिरले, पाठोपाठ जिलेबी, कचोरी. "नुसत्या चहावरून समता कळत नाही," काका मला गंभीरपणे सांगत. काकी मुकाट्याने त्यांच्या कोटाची बटणं सरकवून लावत.

पुढचं नंदाजीने मला सांगितलं. कृष्णपुऱ्यातल्या एका हॉटेलात त्याच्यापुढे वेगळा गिलास आला. काकांनी वही काढली. मालक हात जोडून म्हणाला, "साहबजी, केस करा, गलती आहे माझी. पण नंदाजी तुमच्या घरी कशात पितो, ते एक बार बघून घ्या."

काका घरी आले ते थेट मागच्या दारी. कोनाड्यात कान तुटलेला कप पालथा होता. रोज फाइली घेऊन येणाऱ्या नंदाजीला काकी त्यातच चहा देत. काकांनी तो वर्षानुवर्षं पाहिलेला. मीही त्यात कितीदा चहा ओतला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी तिथेच नोटीस लिहायला घेतली.

"अहो, दिमाग ठिकाणावर आहे ना? मला नोटीस?" काकी कडाडल्या.

"तुला नाही. घराचा प्रमुख मी आहे."

नोटीस त्यांनीच काढली, त्यांनीच घेतली, पोचही दिली. दुसऱ्या दिवशी खुलासा सादर केला: 'सदर कप नजरेस आला नाही.' त्यावर लाल शाईने स्वतःच शेरा मारला: 'खोटे. असमाधानकारक.'

संध्याकाळी नंदाजी आला. काकांनी त्याला बैठकीत खुर्चीवर बसवलं, पाहुण्यांच्या सेटमधला कप दिला आणि तुटका स्वतः उचलला. लगेच बोटं पोळली, चहा धोतरावर सांडला. मला हसू आवरेना. नंदाजी हसला नाही.

"साबजी, उसको कान नी है. गमछे से पकड़ना पड़ता है," तो हळूच म्हणाला आणि खांद्यावरचा गमछा त्याने पुढे केला.

काकांनी तो घेतला नाही. पुढे नोकरी संपली, नंदाजीही वारला, काका मात्र शेवटपर्यंत त्याच कपातून चहा घेत राहिले. एकदा काकींनी न राहवून फडकं पुढे केलं.

"राहू दे," काका म्हणाले. "हा हुकूम माझा आहे."