साडूच्या मनगटावरचा क्रोनोग्राफ

धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यांनी आम्हा दोघा जावयांना रामटेकला जेवायला बोलावलं. मी थोरला. मला अनारसे आणि चांदीचं निरांजन मिळालं. धाकट्याला, म्हणजे माझ्या साडूला, अनारशांच्या ताटात सासऱ्यांचं घड्याळ मिळालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि वरून हसून "वा, छान" म्हणावं लागलं.

ते घड्याळ साधं नव्हतं. सासरे एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. दवाखाना बंद करताना डॉक्टरांनी आपला जुना स्विस क्रोनोग्राफ त्यांना दिला. क्रोनोग्राफ म्हणजे घड्याळ आणि स्टॉपवॉच एकाच डबीत. मला या जातीचं वेड आहे. लग्न झाल्यापासून दर दिवाळीला मी "घड्याळ कसं चालतं आहे?" असं विचारत आलो. याहून उघड मागायचं म्हणजे काय पदर पसरायचा? आणि मिळालं कोणाला, तर वाडीत गोदाम चालवणाऱ्या साडूला, जो वेळ मोबाइलवर बघतो. गाढवाला गुळाची चव काय.

बायको परतताना गाडीतच म्हणाली, "तुमच्या पोटात काहून दुखून राहिलं? तुमच्याजवळ आहे ना तसलंच."

आहे, पण तसलं नाही. तेच दुखत होतं. साफ करून देतो म्हणून मी साडूकडून ते मागून आणलं आणि मनीषनगरच्या घरी जेवणाच्या टेबलावर दोन्ही घड्याळं पालथी घालून झाकणं उघडली. माझ्यात बटण दाबलं की एक वाकडातिकडा पोलादी पत्रा सरकतो आणि स्टॉपवॉचचा काटा सुरू करतो. दणकट, स्वस्तातली युक्ती. बटणाला जोर लावावा लागतो, आणि काटा निघताना दचकतो. त्याच्यात पत्र्याऐवजी इवल्या इवल्या उभ्या खांबांचं एक चाक. बटण दाबलं की चाक जरासं फिरतं, तरफेचं टोक खांबावर चढतं नाहीतर दोन खांबांच्या मधे उतरतं. बटण लोण्यात बोट जावं तसं आत जातं.

माझी तबकडी काळी, चकचकीत, कडेने वेग मोजायचे आकडे. गाडीत स्पीडोमीटर असताना त्यांचा उपयोग मला आजवर सापडला नाही. त्याची तबकडी जुनी होऊन दुधाच्या चहासारखी झालेली, निळे काटे, आणि कडेने नाडीचे आकडे. डॉक्टरांचं घड्याळ ना. नाडी धरून बटण दाबायचं, तीस ठोके मोजायचे, पुन्हा दाबायचं. काटा थांबेल तो आकडा म्हणजे मिनिटाचे ठोके. झाकणं लावल्यावर मला माझं घड्याळ बघवेना.

परत देताना साडूला सरळच म्हटलं, "अदलाबदल करू. माझं चकचकीत आहे, तुले शोभून दिसते."

"मले काही नाही भाऊ," तो म्हणाला, "पण बाबाले विचारून घ्या. मी दर रविवारी जातोच रामटेकले, चला संगं."

दर रविवारी जातो हे मला तेव्हा कळलं. म्हणजे असं लोणी लावून घड्याळ मिळवलं तर.

रविवारी जेवणं झाली. सासरे दिवाणावर टेकले, आणि मी विषय काढायच्या आत त्यांनी हात साडूपुढे केला. साडूने घड्याळ काढून हातात घेतलं, त्यांची नाडी धरली, बटण दाबलं, ओठ हलवत ठोके मोजले, पुन्हा दाबलं.

"अठ्ठ्याहत्तर. गोळी घेतली का बाबा?"

"घेतली गा बापू."

मला ते जवाईबुवा म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, "हार्टचा त्रास झाला तवापासून हेच चालू आहे. ह्यायचा नाडी मोजायच्या मशीनवर भरोसा नाही."

तरी मी बोललोच. "मामाजी, हे घड्याळ मी घेऊ का? याले माझं देतो. मले याच्यातलं समजते."

सासरे साडूला म्हणाले, "दे त्यायले." आणि हात माझ्यापुढे केला. "पाहा जवाईबुवा."

मला इतका आनंद झाला की साडूकडे बघायचंही सुचलं नाही. नाडी सापडली. बटण दाबलं. काटा निघाला, जराही दचकला नाही. आत ते चाक फिरलं असेल, तरफ खांबांच्या मधे उतरली असेल. निळा काटा सरकत होता आणि मी बघत होतो. नाडीचे आकडे संपले. काटा फेरा पुरा करून पुन्हा पहिल्या आकड्यांवर आला.

"किती?" सासऱ्यांनी विचारलं.

मी ठोके मोजलेच नव्हते.

त्यांनी हात सोडवून घेतला आणि साडूपुढे केला. "घे गा बापू, तूच पाहा."

मी घड्याळ साडूच्या हातात दिलं.