माझ्या नवऱ्याचा रिझल्ट

माझा नवरा बारीक होत होता आणि गाव टाळ्या वाजवत होतं. टाळ्या म्हणजे खरोखरच्या टाळ्या. माझ्या नणंदेच्या क्लबात रोज सकाळी लोक वजनकाट्यावर उभे राहायचे. ज्याचं वजन उतरलं त्याच्यासाठी बाकीचे टाळ्या पिटायचे. ज्याचं चढलं त्याच्यासाठीही पिटायचे, फक्त जरा हळू. त्या हिवाळ्यात सगळ्यात मोठ्या टाळ्या माझ्या नवऱ्याच्या वाट्याला येत होत्या. त्या ऐकून मला आधी अभिमान वाटला, मग शंका आली आणि शेवटी भीती वाटायला लागली.

नणंद म्हणजे माझ्या नवऱ्याची पाठची बहीण. तिचा नवरा आजारी पडून सहा महिन्यांत गेला, तेव्हा ती आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आली. दोन वर्षं तिचा आवाज आम्ही नीट ऐकला नाही. कालवणात मीठ कमी पडलं तरी बाई बोलायची नाही, मुकाट्याने जेवून उठायची. मग कुणीतरी तिच्या हातात पावडरचा डबा दिला. तिने तो संपवला, दुसरा घेतला, आणि वर्षभरात ती वेलनेस कोच झाली. पावडरने तिचं वजन किती उतरलं ते देव जाणे, पण आवाज परत आला, आणि असा आला की तीन घरं पलीकडे ऐकू जायचा. मला मनापासून बरं वाटलं होतं. म्हणूनच क्लबाबद्दल मी तोंड बंद ठेवलं, आणि मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की हे माझ्यासाठी उपासापेक्षा अवघड.

क्लब भरायचा एका बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानात. भिंतीला फुगे, कोपऱ्यात आरसा आणि मध्ये ते मशीन. त्यावर उभं राहिलं की वजन तर कळायचंच, वर शरीराचं वयही कळायचं. माझं वय अठ्ठेचाळीस, मशीनने सांगितलं अडुसष्ट. हे मशीन सासूबाईंनी वरून पाठवलंय काय, असं मी विचारलं, तर नणंद हसली नाही. मग ग्लासात कुल्फीच्या वासाचं काहीतरी दाटसर मिळायचं. सोबत हर्बल चहा, चहाचं भांडं विसळल्यावर पाणी दिसतं तसा. जोडीला हिरव्या गोळ्या. त्यात काय आहे विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘जडीबुटी हाय, साइड इफेक्ट नाय.’ डब्यावरची अक्षरं इतकी बारीक होती की ती वाचायला चष्मा नाही, दुर्बीण लागली असती.

नियम असा होता की सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या जागी हा ग्लास घ्यायचा. आता आमच्याकडे भाताच्या जागी काही येत नाही, जे येतं ते भाताबरोबर येतं. त्यामुळे बायका क्लबात ग्लास रिकामा करून घरी यायच्या आणि न्याहारीला बसायच्या. क्लबाच्या छापील कागदावर लिहिलं होतं, भात बंद, भाकरी चालेल. लिहिणारा बहुतेक घाटावरचा असावा, ज्वारीची भाकरी खाणारा. आमची भाकरी तांदळाची. गावाने मोठ्या शिस्तीत भात सोडला आणि तिन्ही त्रिकाळ तांदळाच्या भाकऱ्या हाणल्या. नणंदेला हे कळत होतं, पण कागदावर भाकरी लिहिलंय म्हणजे भाकरी, असं तिचं म्हणणं.

माझा धंदा नेमका उलटा. मी अंगणवाडी सेविका. अर्धं आयुष्य मी पोरांना झोळीत घालून काट्याला लटकवत आले आहे. आमच्याकडे वजन उतरलं की टाळ्या नाहीत, बोंबाबोंब. पर्यवेक्षिका ओरडते, मी आईवर ओरडते, आई पोरावर ओरडते आणि पोर भोकाड पसरतं. खात असूनही पोराचं वजन उतरत असेल तर आधी त्याला डॉक्टरकडे धाड, लाडू मग दे, हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. एका आळीत मी वजन घटलं म्हणून आयांना झापत होते आणि दुसऱ्या आळीत माझी नणंद त्याच कारणासाठी गळ्यात हार घालत होती. हे माझ्या डोक्यात लगेच यायला हवं होतं. पण नवऱ्याला कुणी झोळीत घालून पाहतं काय?

नवरा मांडवा ते अलिबाग मिनीडोर, म्हणजे सहा आसनी रिक्षा, चालवतो. मुंबईहून लाँच लागली की उतारू घ्यायचे आणि अलिबागला सोडायचे. ड्रायव्हरच्या शेजारी एक माणूस बसवायची इथली रीत आहे, पण माझ्या नवऱ्याशेजारी बसायला माणूस निवडून घ्यावा लागायचा, काटकुळा आणि सहनशील. पोट असं की हँडल वळवताना त्यालाही वळवावं लागायचं. बहिणीने क्लब काढल्यावर पहिला मेंबर तोच झाला, आणि लाँच चुकू नये म्हणून दोन्ही वेळचं ते दाटसर बाटलीत भरून गाडीवर नेऊ लागला. ‘बाय सांगतंय म्हंजे घ्याचा,’ एवढंच म्हणाला. आमच्याकडे बहिणीला लाडाने बाय म्हणतात आणि या माणसाने बायला आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही. मला मात्र दिवसातून चारदा म्हणतो.

आणि मग तो उतरायला लागला. दिवाळीनंतर शर्ट सैल झाला, महिन्याभरात पँट. कमरेचा करगोटा आधी मांसात रुतलेला असायचा, तो आता आंघोळ करताना घसरून खाली यायचा. नणंदेने त्याचे आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी लावून स्टेटसला ठेवले. मीही फुशारले, खोटं कशाला बोलू? नवरा पुन्हा लग्नातल्यासारखा दिसायला लागला तर कुठल्या बाईला वाईट वाटेल? मधे आठवडाभर तर मला संशय आला की याचं कुठेतरी सूत जमलंय. मी खिसे तपासले. खिशात वडापावचा कागद निघाला.

घरीही तो कमी खात नव्हता. पोपटीचे दिवस होते. शेताच्या कडेला मडकी लागली की हा पहिला हजर, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, सगळं चेपून यायचा आणि घरी येऊन विचारायचा, जेवायला काय आहे. पाणी तर तांब्या तोंडाला लावला की रिकामा करूनच खाली ठेवायचा. उठून सारखा लघवीला जायचा. मी बोलले तर नणंद म्हणाली की भरपूर पाणी प्या असं कागदावरच आहे, शरीरातलं विष बाहेर पडतंय. तो दमतो म्हटलं तर म्हणाली, चरबी जळतेय. चिडचिडा झालाय म्हटलं, तर साखर सुटली की तसं होतं. मी जी तक्रार घेऊन जायचे तिला बसायला त्या कागदात पाट मांडलेला असायचा.

अशात क्लबाचा मोठा कार्यक्रम ठरला. शनिवारी, अलिबागच्या एका हॉलमध्ये. मुंबईहून नणंदेचे वरचे लोक येणार होते. स्टेजवर प्रत्येक कोचने आपला एक माणूस उभा करायचा, त्याला त्यांच्यात ‘रिझल्ट’ म्हणतात. माझा नवरा हा आमच्या तालुक्यातला सगळ्यात मोठा रिझल्ट होता. तो उभा राहिला की नणंदेला सगळ्यांसमोर बढतीची पिन लागणार आणि ती वरच्या पायरीवर जाणार. तिने जांभळी साडी काढून ठेवली होती. माइकवर बोलायचं भाषण ती माझ्या ओट्याशी उभी राहून पाठ करायची, आणि जिथे भावाचं नाव यायचं तिथे दर वेळी तिचा आवाज कापायचा.

त्याच आठवड्यात नवरा डबा विसरला म्हणून मी तो घेऊन मांडव्याला गेले. स्टँडवर त्याची मिनीडोर उभी होती आणि मिनीडोरखाली एक कुत्रा पडला होता. कुत्रा कसला, लोड होता. स्टँडवरचे कुत्रे मी पाहिलेले आहेत, बरगड्या मोजून घ्याव्यात असे. याची कातडी तुकतुकीत, मान जाड, उठायचा कंटाळा. मी विचारलं, याला कोण घालतं? बाकीचे ड्रायव्हर हसायला लागले. एक म्हणाला, ‘वयनी, तो तुमचे घरचा मेंबर हाय. रोज सकाली कुल्फी पितो.’

नवऱ्याने मान खाली घातली. मी डबा आपटला. ‘मना नाय उतरत गो ती घशाखाली,’ तो म्हणाला. ‘पन बायचा जीव हाय त्यात. तिला कसा सांगू?’ मी नेहमीसारखी तोंड सोडणार होते, पण मधेच डोक्यात हिशेब सुरू झाला. पावडर कुत्रा पितोय. हा पोपटी आणि वडापाव खातोय. मग वजन जातंय कुठे? परतीच्या अख्ख्या वाटेवर माझ्या डोळ्यांसमोर ती झोळी लोंबकळत होती. झोळीत नवरा होता.

घरी आल्या आल्या मी नणंदेकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. ती साडीला इस्त्री करत होती. ‘वयनी, तू पयल्यापासूनच माझे क्लबावर खार खातंस,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘तुला रिझल्टच हवा असेल तर शनिवारी त्या कुत्र्याला स्टेजवर ने, निदान त्याने पावडर प्यायलेली आहे.’ तिने इस्त्रीचा प्लग ओढला, मला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. दाराशी उभी राहून मी आणखी बरंच बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गुरुवारी त्याने नंबर सोडला. स्टँडवर गाड्यांचे नंबर लागतात, आपला नंबर आला की उतारू भरायचे. बाप मेला तरी ड्रायव्हर नंबर सोडत नाही. हा गाडीत बसल्या बसल्या झोपला, हाका मारल्या तरी उठला नाही. उठल्यावर म्हणाला, समोरचं सगळं धुरकट दिसतंय. मागच्या नंबरवाल्याने त्याला घरी आणून घातलं. मी त्याच पावली त्याला अलिबागला डॉक्टरकडे न्यायला निघाले. दारात नणंद उभी, छातीवर क्लबाचा बिल्ला. ‘मी पन येतंय,’ ती म्हणाली. मला वाटलं, पावडरचं नाव खराब होऊ नये म्हणून पहारा द्यायला येतेय.

डॉक्टर तरुण होता, बाहेर रांग होती. वजन किती उतरलं, किती दिवसांत, असं त्याने विचारलं. मग म्हणाला, ‘डाएट करताय का काही?’

नवऱ्याने एकदा बहिणीच्या बिल्ल्याकडे पाहिलं. ‘हो डॉक्टर,’ तो म्हणाला. ‘बहिणीचा क्लब हाय. दोन टाइम शेक घेतंय, भात बंद, पानी भरपूर. एक दिवस चुकवला नाय.’

हा माणूस मला बाजारभावसुद्धा धड खोटा सांगू शकत नाही, आणि इथे घडाघडा बोलला. डॉक्टरने मान हलवली. ‘मग बरोबर आहे. थोडं जास्तच कडक करताय, म्हणून अशक्तपणा. खाणं जरा वाढवा, गोळ्या देतो, पंधरा दिवसांनी दाखवा.’ आणि त्याने कागद ओढला. मी खुर्ची मागे सारली, तोंड उघडलं.

‘खोटा बोलतंय तो.’

नणंदेचा आवाज होता. क्लबातला नव्हे. जुना, मीठ कमी पडलं तरी न बोलणाऱ्या बाईचा.

‘एक दिवस पन घेतला नाय त्याने. कुत्र्याला घालतंय. मना पयल्या महिन्यापासून म्हाइत हाय. माझे मोठे मॅडमना आनाला मी मांडव्याला गेले व्हते, तवाच बगितला.’ तिने डॉक्टरकडे पाहिलं. ‘मना वाटला, उतरतंय ना, मंग कशाला बोलाचा. पन डॉक्टर, मी विकतंय ती पावडर. तिचेत येवढा दम नाय. आमचे हे गेले, ते असेच उतरले व्हते. खात व्हते नि उतरत व्हते.’

डॉक्टरने कागद बाजूला ठेवला, टेबलावरचं छोटं मशीन पुढे घेतलं आणि नवऱ्याच्या बोटाला सुई टोचली. आकडा बघून त्याने दुसऱ्या बोटालाही टोचली. साखर होती, आणि इतकी, की तो म्हणाला, घरी पाठवत नाही, आजच भरती व्हा. अजून दोन-चार दिवस काढले असते तर बेशुद्ध होऊन आला असता. आता आलाय तर आटोक्यात येईल, औषध मात्र जन्मभर. मी परत खुर्चीत बसले.

नवऱ्याला पहिली काळजी कसली पडावी? ‘बाय,’ तो म्हणाला, ‘शनवारचा काय?’

‘खड्ड्यात गेला तुजा शनवार.’

टोचलेल्या बोटावर ती कापूस दाबून धरून बसली होती. रक्त केव्हाच थांबलं होतं. बाहेर कंपाउंडर पुढच्या माणसाला हाक मारत होता. नवरा म्हणाला, सोड आता, थांबलाय रगत.

‘गप बस,’ ती म्हणाली, आणि बोट सोडलं नाही.