एक दिवा पिवळा, एक पांढरा

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, पण ती ट्रकचोरी अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. आठवली की आधी हसू येतं आणि मग थोडी शरमही वाटते. त्या वेळी कराडजवळच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. माणसं अजून तिथंच राहतात, म्हणून नावं लिहीत नाही. ट्रकच्या दोघा चालकांपैकी मोठ्याला मी फौजी म्हणेन आणि धाकट्याला मेव्हणा.

थंडीचे दिवस होते. संध्याकाळी सहाच्या सुमारास दोघं ठाण्यात आले. फौजी पन्नाशीचा, सैन्यात ड्रायव्हर होता, निवृत्त झाल्यावर मिळालेला सगळा पैसा घालून त्यानं दहा चाकी ट्रक घेतला होता. मेव्हणा तिशीतला, जतकडच्या मेंढपाळ घरातला, फौजीच्या बायकोचा सख्खा भाऊ. ट्रक दोघं मिळून चालवत. घाटाच्या भाड्याला फौजी जायचा, कोयनानगरवरून खाली चिपळूणला. जत, विजापूरच्या बाजूचं भाडं मेव्हण्याकडे.

त्या दिवशी दुपारी एकला त्यांनी घरासमोर रस्त्याकडेला ट्रक लावला, जेवले, पडले. चार वाजता बाहेर येऊन बघतात तर जागा मोकळी. काच फुटलेली नव्हती, कुणी ओरडलं नव्हतं. एक किल्ली फौजीच्या खिशात आणि दुसरी मेव्हण्याच्या. फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला, वायरलेसवर गाडीचा नंबर आणि वर्णन सगळीकडे कळवलं. केबिन नारंगी, मागं हिरवी ताडपत्री. अशा गाड्या हायवेवर शेकड्यांनी धावतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ठाण्याच्या फोनवर एक निनावी खबर आली. त्या वेळी ठाणे अंमलदार म्हणून एक महिला हवालदार ड्यूटीवर होत्या. त्यांची एक खोड होती. फोनवर माणूस जे बोलेल ते शब्दन्‌शब्द स्टेशन डायरीत उतरवायचं. ‘मथितार्थ लिहा हो, कादंबरी नको,’ असं मी त्यांना चारदा तरी सुनावलं असेल. त्यांनी डायरी माझ्यापुढे ठेवली. मी पहिली दोन वाक्यं वाचली. ‘गाडी मेव्हण्यानंच गायब केलीया. काल कराडात भर बाजारात दोगांची लय जुंपली हुती.’ मला तेवढं पुरे झालं. ज्या नंबरवरून फोन आला होता तो फिरवून पाहिला, लागला नाही, मीही नाद सोडला. वाद झालेला, किल्ली हातात, तोडफोड नाही. माझ्या मनानं गुन्हा उघडकीला आणूनही टाकला होता.

दोघांना बोलावून वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. मेव्हण्यापासून सुरुवात केली. आवाज चढवूनच.

‘काल बाजारात भांडण झालं का?’

‘झालं की सायेब.’

‘कशावरून?’

‘लायटीवरनं.’

‘नीट सांग. हिश्श्यावरून, का गाडी नावावर करण्यावरून?’

‘आवं न्हाई सायेब, गाडीच्या लायटीवरनं. हेडलायटीच्या रंगावरनं. दाजी म्हनत्यात पिवळी पायजे, मी म्हनलं पांढरी पायजे.’

मी टेबलावर हात आपटला. ‘मला येडा समजतोस काय रे?’

तो घाबरला, पण मागं हटला नाही. ‘सायेब, आमच्या रस्त्याला ना वळण, ना धुकं. सरळ माळ. आन दिवस बुडताना मेंढरं रस्त्यावर येत्यात. मी मेंढरातच वाढलोय. धा मेंढरं मेली तर त्या घराचं वरीस जातंय. लांबनं दिसाय पायजेत का न्हाई? पिवळ्या उजेडात माती पिवळी, गवत पिवळं, मेंढरूबी पिवळंच.’

मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो. फौजी पाठ ताठ करून बसला होता. त्याला फक्त ‘काल भांडण कशाचं?’ एवढंच विचारलं.

‘लाइट का झगडा साब,’ तो म्हणाला आणि एकदम मराठीत आला. ‘मी बारा वरसं बर्फात गाड्या वडल्या. पांढरी लाइट धुक्यावर आपटती आन परत आपल्याच डोळ्यावर येती. कोयनेच्या घाटात सकाळी काय दिसतंय तुमाला ठाव हाय. पिवळ्या लायटीत निदान रस्त्याची कड घावती. ह्ये त्या गड्याला कळंना. ऐकायलाच तयार न्हाई!’

‘मग शेवटी कुठली बसवली?’

फौजी खाली बघू लागला. ‘ते... कराडात लायटीच्या दुकानात बाईंनी बसवली साब,’ म्हणाला, रंग मात्र सांगेना. मला ते टाळणं संशयास्पद वाटलं.

खोटं बोलायचं ठरवून आलेली माणसं साधं कारण सांगतात. पैसा, जमीन, बाई, दारू. असलं विचित्र कारण दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत सारखंच सांगितलं, म्हणजे ते खोटं असेल असं मला वाटेना. म्हणून जीप काढली आणि स्वतः कराडला त्या दुकानात गेलो.

ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान होतं. मालकीण एक चाळिशीच्या बाई, डिप्लोमा केलेल्या, दुकानात एकट्याच काम करणाऱ्या. मी कशासाठी आलोय ते ऐकून त्या कपाळाला हात लावून हसायलाच लागल्या.

‘साहेब, एक तास माझं डोकं खाल्लं त्यांनी. बाहेर रस्त्यावर उभं राहून ओरडत होते. अख्खा बाजार गोळा झाला. शेवटी दोघांना आत घेतलं आणि शटर ओढलं.’

त्यांनी मलाही तसंच दाखवलं. शटर खाली ओढलं, टेबलावर तीन एलईडी बल्ब एकेक करून पेटवले आणि उजेड समोरच्या भिंतीवर पाडला. पहिला हळदीसारखा पिवळा. दुसरा दुधात थोडं केशर पडल्यासारखा. तिसरा पांढराशुभ्र, किंचित निळसर. डब्यांवर तीन हजार, त्रेचाळीसशे आणि सहा हजार असे आकडे होते, पुढे केल्विन.

‘म्हणजे सहा हजारवाला दुप्पट उजेड देतो,’ मी म्हणालो.

‘सगळे ड्रायव्हर असंच म्हणतात. उजेडाचा नाही साहेब, हा रंगाचा आकडा आहे. आकडा कमी तेवढा पिवळा, जास्त तेवढा निळा. धुक्यात, पावसात, ओल्या डांबरावर पिवळा बरा. कोरड्या, मोकळ्या रस्त्याला पांढरा छान दिसतो, पण समोरच्याच्या डोळ्यांना टोचतो. मी म्हटलं मधला घ्या, दोघांचंही भागेल. ऐकतील तर शपथ!’

‘मग?’

‘मग काय, एक पिवळा बसवला, एक पांढरा. डावीकडे दाजींचा, उजवीकडे मेव्हण्यांचा. मी सांगितलं होतं हे बेकायदा आहे, चार दिवसांत येऊन बदलून घ्या. दोघं म्हणाले, चार दिवसांत कळंलच कुणाचं खरं ते.’

मला हसू फुटलं. शटर बंद, समोर एक बाई, तीन बल्ब, आणि मी साध्या चोरीच्या तपासात भिंतीवरचे रंग बघत उभा. पण हसता हसताच एक प्रश्न डोक्यात आला.

‘बाई, बल्ब गाडीत बसवले तेव्हा बाहेरच्या कुणी बघितलं?’

‘नाही. गाडी मागच्या शेडमध्ये घेतली होती. पेटतात का ते तिथंच बघितलं, आम्ही तिघांनीच. आणि बंद असले की हे बल्ब बाहेरून अगदी सारखे दिसतात. कुणाला कळणारही नाही.’

ठाण्यात परत आलो आणि डायरी मागवली. सकाळची नोंद या वेळी शेवटपर्यंत वाचली. हवालदार बाईंनी तिसरं वाक्यही लिहिलेलं होतं. ‘त्या गाडीचा एक डोळा पिवळा न् एक पांढरा केलाय, आन त्योच फिरवतोय.’

भांडण सगळ्या बाजारानं ऐकलं होतं. पण ते मिटलं कसं, हे चौथ्या कुणालाही माहीत नव्हतं. गाडी दुपारच्या उन्हात दिवे बंद ठेवून घरी आली आणि अंधार पडायच्या आत चोरीला गेली. मग ते दिवे पेटलेले बघून ही तीच गाडी हे माहीत असणारा माणूस एकच असू शकत होता, रात्री ती चालवणारा.

खात्रीसाठी फौजीला विचारलं, ‘दोन रंगाचे दिवे बसवले हे घरी कुणाला सांगितलंत?’

‘न्हाई साब. शरम वाटत हुती.’

त्याच वेळी फौजीची बायको डबा घेऊन ठाण्यात आली होती. मेव्हण्याची सख्खी बहीण ती. सकाळपासून तिचा नवरा एका खोलीत आणि भाऊ दुसऱ्या खोलीत. डबा मात्र तिनं एकच आणला होता. ‘दोगं एका ताटात जेवत्यात सायेब, येगळं वाढायची सवय न्हाई मला,’ ती म्हणाली. डोळे रडून सुजलेले होते. तेवढ्यात दिव्यांचं तिच्या कानावर पडलं. ती आधी नवऱ्याकडे बघत राहिली, मग दारात आलेल्या भावाकडे, आणि पदर तोंडाला लावून खुदखुदायला लागली. ‘एक पिवळा आन एक पांढरा? आवं, लगीन हाय का काय गाडीचं?’ आमच्या हवालदार बाईही मान खाली घालून हसत होत्या. मी मेव्हण्याला खुर्ची दिली आणि दोघांना आधी जेवून घ्यायला सांगितलं.

त्या नंबरवर पुन्हा फोन लावला. या वेळी लागला. पाटणच्या पुढे रस्त्याकडेला एक भजी-चहाची गाडी होती, तिथल्या माणसाचा फोन निघाला. ‘व्हय सायेब, सकाळी एक ड्रायव्हर थांबला हुता. बॅटरी उतरलीया म्हनला, माझा फोन घेतला. त्याच्या गाडीची गंमत सांगू का? धुक्यातनं येताना दोन मोटारसायकली वाटल्या. एक लाइट पिवळी, एक पांढरी.’ गाडी कोयनानगरच्या बाजूला वर गेली होती, एवढंही त्यानं सांगितलं. घाटाखालच्या ठाण्याला कळवलं, तर तशी गाडी खाली उतरलेली नव्हती. म्हणजे ती वरच कुठं तरी होती.

दिवेलागणीला पाटणच्या पुढे वळणावर नाकाबंदी लावली. मी स्वतः गेलो. अंगावर स्वेटर, हातात शिट्टी, आणि सगळ्यांची नजर येणाऱ्या दिव्यांवर. पाऊण तासात एक शिपाई ओरडला, ‘साहेब, आली! एक पिवळा, एक पांढरा!’ आम्ही बॅरिकेड ओढलं. धापा टाकत पुढे गेलो तर जोडीनं चाललेल्या दोन मोटारसायकली. एकीवर दूधवाला, दुसरीवर त्याचा शेजारी. दोघं गप्पा मारत चालले होते. पाचसहा पोलीस अंगावर धावून आलेले बघून दूधवाल्यानं हँडल सोडून दोन्ही हात वर केले. त्याची समजूत घालताना आमची पुरेवाट झाली.

ती गडबड निवळते न निवळते तोच वळणावर पुन्हा तसेच दोन दिवे आले. या वेळी त्यांच्यामधलं अंतर तसूभरही बदलत नव्हतं.

केबिन हिरवी रंगवलेली होती. रंग अजून ओला होता, शिपायाच्या बाहीला लागला. नंबरप्लेट दुसरीच. चालवणारा शांतपणे खाली उतरला आणि गाडी आपलीच आहे म्हणाला. मी कागदपत्रं मागितली नाहीत. ‘हे दिवे दोन रंगांचे का बसवले?’ एवढंच विचारलं.

त्यानं गाडीकडे बघितलं. ‘एक उडाला हुता सायेब, घावला त्यो दुसरा टाकला.’

सकाळी याच प्रश्नावर दोन माणसांनी माझा अर्धा तास घेतला होता. एकानं मेंढरं सांगितली, एकानं बर्फ सांगितला. आणि हा मालक एका वाक्यात मोकळा झाला. गाडी ताब्यात घेतली, पंचनामा केला, चासी नंबर जुळवला. नंबर फौजीच्या गाडीचाच निघाला. मग तो बोलता झाला. मागच्या हंगामात तो यांच्याकडे बदली ड्रायव्हर होता. पिऊन गाडी चालवली म्हणून फौजीनं त्याला काढलं होतं, पण त्याआधी त्यानं किल्लीची नक्कल करून ठेवली होती. त्या दिवशी बाजारात भांडण ऐकलं आणि त्याला वाटलं, आता गाडी गेली तर आळ मेव्हण्यावरच येईल. घाटात कुणी तरी गाडी घ्यायला येणार होता. तो आलाच नाही, म्हणून हा रंग फासून परत निघाला होता; बदलायला दुसरे दिवे मात्र घाटात कुठं मिळाले नव्हते. आपण सगळं जवळून बघितलंय असं पोलिसांना वाटावं म्हणून, गाडी दुपारपर्यंत खपेलच या भरवशावर, दिव्यांचं ते एक वाक्य त्यानं जास्तीचं सांगितलं होतं.

न्यायालयाच्या आदेशानं गाडी परत मिळाली तेव्हा दोघं ठाण्यात आले. मी मेव्हण्याला सगळ्यांसमोर म्हणालो, ‘माझं चुकलं. तुझ्यावर हात आपटायचं कारण नव्हतं.’

‘टेबलावर आपटला सायेब, माझ्यावर न्हाई,’ तो म्हणाला. ‘आन तुमाला तरी काय ठाव, लायटीवरनं एवढं भांडणारी माणसं असत्यात म्हनून.’

दिव्यांची जोडी एका रंगाची केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, असं मी बजावलं. दोघांनी मुकाट्यानं त्रेचाळीसशेची जोडी बसवून घेतली. दुकानाच्या पायरीवरून उतरताना फौजी म्हणत होता की घाटात जायच्या वेळेला तो खाली दोन पिवळे फॉगलॅम्प लावणार, आणि मेव्हणा म्हणत होता, ‘लावा की दाजी, पन बटन येगळं घ्या.’

या गुन्ह्यानं मला माझ्या कामातली एक खोट दाखवली. ‘पूर्ववैमनस्य’ हा शब्द आम्ही पोलीस फार सहज लिहितो. दोन माणसं भांडली एवढं कळलं की आमचा तपास अर्धा झाला असं आम्हाला वाटतं. पण जी माणसं एखाद्या वस्तूवरून भर रस्त्यात तासभर भांडतात, त्यांना बहुधा ती वस्तू पुढची वीस वर्षं वापरायची असते. ज्याला ती विकून पळायचंय, तो दिव्याच्या रंगावरून कशाला तोंड उघडेल?

निवृत्त होईपर्यंत मी एक नियम पाळला. नुसतं ‘त्यांचा वाद झाला होता’ असं लिहिलेला जबाब आला की मी सही न करता परत पाठवायचो. कशावरून झाला, कोण काय म्हणालं, त्यांच्याच शब्दांत लिहून आणा, असं सांगायचो. नवे उपनिरीक्षक कुरकुरायचे, कागद वाढतात म्हणायचे. वाढू देत, मी म्हणायचो, आणि कसं लिहायचं ते शिकायला त्यांना हवालदार बाईंच्या टेबलाशेजारी बसवायचो.