राक्षसांच्या शेतावरची राखण

टीव्हीचा पडदा मधोमध आडवा चिरलेला असे. वरच्या अर्ध्यात अण्णाचं जग — बर्फाचे डोंगर, लाव्हाच्या खदखदत्या नद्या, समुद्राखालचे निळसर महाल... आणि खालच्या अर्ध्यात माझं : करड्या दगडाची एक भिंत. मल्लेश्वरमच्या आमच्या घरातल्या त्या मे महिन्याचं सगळ्यात स्पष्ट चित्र कोणतं, तर हे. बाकीची मुलं सुट्टीत कुठे कुठे हिंडून आली. मी ती भिंत बघितली. माझं वय नऊ, अण्णाचं तेरा, आणि माझ्या या थोरल्या भावाला मी अजून क्षमा केलेली नाही, हे आधीच सांगून टाकते.

खेळ ठोकळ्यांचा होता. ठोकळे खणायचे, रचायचे, आणि अंधारात राक्षस निघाले की त्यांच्यापासून जीव वाचवायचा. पण खेळणाऱ्याला थोडी अक्कल आली की तो राक्षसांना भिणं सोडतो आणि त्यांची शेतीच करू लागतो. उंच मनोऱ्यावर एक बंद, काळोखी खोली बांधायची. काळोखात झॉम्बी, सांगाडे आपोआप उगवतात. वाहतं पाणी त्यांना ढकलत नेऊन एका खोल भोकात लोटतं. पडून ते अर्धमेले होतात, आणि खाली ढीग साचला की एकेका फटक्यात संपवायचे. मेलेल्या राक्षसातून हिरवे, चमकते मणी उडतात, जवळ उभ्या असलेल्याच्या अंगात शिरतात, त्याची ताकद वाढते. अशी ही बिनकष्टाची शेती... पण त्यात एक मेख होती. माणूस फार जवळ असला तर राक्षस उगवत नाहीत, फार लांब गेला तर उगवलेले विरून जातात. म्हणजे ठरावीक अंतरावर, काही एक न करता, कुणीतरी उभं राहावंच लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

मनोरा मी बांधला होता, हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे त्याची नोंद नाही. जागा अण्णाने दाखवली. पण दगड मी खणले, एकेक ठोकळा मी वर चढवला, दोनदा वरून पडून मेले ती मी. आणि मग त्या दुपारी... फणसाच्या गऱ्यांचा गोड, डोक्यात जाणारा वास घरभर कोंदलेला, तापलेल्या टीव्हीवरच्या धुळीचा करपट वास त्यात मिसळलेला, पंख्याची एकसुरी कुरकुर, आणि घामाने चिकट झालेला कंट्रोलर धरून, अण्णाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेली मी — अंगठे जागच्या जागी, चार चार तास. ढीग साचला की त्याची स्वारी हिऱ्याची तलवार नाचवत यायची.

"पुट्टी, स्वल्प मागे सरक. मणी तुझ्याकडे येतायत."

"पण अण्णा, या वेळचा ढीग माझा म्हणाला होतास."

"पुढचा तुझा. नक्की. सरी, ठीक?"

मला फक्त एक ढीग हवा होता. एक! तेवढ्या मण्यांवर माझ्या लोखंडी तलवारीला जादू चढली असती, आणि अण्णाबरोबर ड्रॅगनला मारायला मलाही जाता आलं असतं. पुढचा, पुढचा करत तीन आठवडे गेले. सांगाड्यांची हाडं त्याची, बाण त्याचे. झॉम्बींचं सडकं मांस तेवढं माझ्या वाट्याला. आईकडे तक्रार नेली, तर तेल लावलेल्या हातांनी फणस सोलता सोलताच ती म्हणाली, "न भांडता एका जागी बसलाय ना दोघं? तेवढं साकु, पुरे मला."

मग एका दुपारी समोरच्या घरातला कार्तिक आला. या मनोऱ्याचा एक दगडही न उचललेला कार्तिक. खाली चाळीसेक राक्षस कण्हत, दाटीवाटीने उभे होते — माझे, मला कबूल केलेले. अण्णाने सरळ आपला कंट्रोलर त्याच्या हातात दिला. "होडी मगा, होडी!" मार गड्या, मार! आयजीच्या जिवावर बायजी उदार. कार्तिक खिदळत मारत राहिला, आणि मला सांगितल्याप्रमाणे मी मागे सरकून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी अण्णा गणिताच्या शिकवणीला गेलेला असताना मी मनोऱ्याच्या आत शिडी लावली आणि बरंच वर, काळोख्या खोलीच्या अगदी लगत, एक कोनाडा खणला. समोर तोच करडा दगड. त्यानंतर रोज मी तिथे उभी राहिले, शहाण्या मुलीसारखी, न हलता. वरच्या पडद्यात अण्णा परतताना दिसला की गुपचूप खाली उतरायची. माझ्या अर्ध्या पडद्याकडे तो कधी बघायचाच नाही, त्यामुळे पकडली जाण्याचा प्रश्नच नव्हता. एकही राक्षस उगवला नाही.

अण्णा वेडापिसा झाला. कुठून उजेड शिरतोय ते शोधत त्याने मनोरा तीनदा पाडला, तीनदा बांधला. तिन्ही वेळा मी कोनाडा नव्याने खणला. वहीत आकृत्या काढल्या त्याने, कार्तिकसमोर त्याचं हसं झालं, आणि एकदा कंट्रोलर गादीवर आपटून तो चक्क रडला. "माझंच काहीतरी चुकतंय," म्हणत राहिला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

शाळा सुरू व्हायच्या आत त्याने ते जग सोडलं ते सोडलंच. कार्तिकच्या कॉम्प्युटरवर दोघांनी नवं जग मांडलं. तो चपला घालत असताना मी दारात जाऊन विचारलं, "मी येऊ?"

"कशाला? तिथे उभं राहायला कुणी लागत नाही."

अगदी सहज म्हणाला, गेटची कडी काढता काढता. मी आत येऊन टीव्ही लावला. पडदा आता सगळा माझा होता — आणि बाजूची गादी रिकामी. मला ते उभं राहणं परत हवंसं वाटलं, अगदी रडू येईपर्यंत. आणि तसं वाटलं म्हणून अण्णाचा आणखीच राग आला. तो राग काही गेला नाही. मी वाढले तसा तोही वाढला...

अण्णा आता महादेवपुऱ्यात राहतो. एकाच शहरात असून आम्ही भेटतो ते सणासुदीला, ट्रॅफिकला शिव्या घालत. मागच्या दसऱ्याला जेवणं झाल्यावर, आज सगळं सांगून टाकायचं असं ठरवून, मी विषय काढला. "तो मनोरा आठवतो तुला? राक्षसांचा?"

त्याचा चेहरा उजळला. वहिनीकडे वळून तोच सांगू लागला — एकट्याने कसा बांधला, किती वेळा पाडला. "पण पुढे चालेनासाच झाला गं. का, ते अजून कळलेलं नाही मला. अजूनही कधीतरी डोक्यात येतं."

"आणि तिथे उभं कोण राहायचं?" मी विचारलं.

तो कपाळाला आठ्या घालून खरंच आठवू लागला, आणि मग नवलाने माझ्याकडे बघत म्हणाला, "तू पण खेळायचीस का गं तेव्हा?"

"नाही," मी म्हटलं, आणि त्याच्या पुढ्यातलं पान उचललं.